परक्या रक्ताची धास्ती

एप्रिल १९९१. पॅरिसच्या 'लेव्हेन्मां द्यु जदी' या साप्ताहिकात आन-मारी कास्तरे या पत्रकार बाईंनी एक गोपनीय टिपण उघडं केलं. फ्रान्सच्या राष्ट्रीय रक्तसंक्रमण केंद्रात २९ मे १९८५ रोजी झालेल्या बैठकीचं ते टिपण होतं. हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न साकळण्याच्या आजाराच्या, रुग्णांना द्यायच्या रक्तघटकांचा आपल्याकडचा साठा एड्सच्या विषाणूने दूषित आहे, हे केंद्राच्या वरिष्ठांना तेव्हा ठाऊक होतं आणि तरीही तो वाटणं चालू राहिलं, हे त्यातून बाहेर आलं. तापवून विषाणू मारलेलं औषध जगात उपलब्ध होतं. तरी न तापवलेलं औषध १९८५ च्या ऑक्टोबरपर्यंत रुग्णांच्या शिरांत जात राहिलं. हजाराहून अधिक हिमोफिलियाग्रस्तांना लागण झाली. १९९२ मध्ये केंद्राचे प्रमुख मिशेल गारेता यांना चार वर्षांची शिक्षा झाली. ४ जानेवारी १९९३ रोजी रक्ताच्या सुरक्षिततेचा नवा कायदा आला. १९९९ मध्ये तर माजी पंतप्रधान लोराँ फाबियुस यांना त्यांच्या दोन मंत्र्यांसह खास न्यायालयापुढे उभं राहावं लागलं.

दंतशस्त्रक्रियेच्या इतिहासात हे प्रकरण सहसा कुणी लिहीत नाही. माझ्या मते ते लिहायलाच हवं. आज पुण्या-नाशकाकडच्या दवाखान्यात अडकलेली अक्कलदाढ काढताना दाताचे डॉक्टर कधीकधी रुग्णाच्या हातातून थोडं रक्त काढून घेतात, ते यंत्रात फिरवतात आणि त्यातून निघालेला पिवळसर, लवचिक गोळा दाढेच्या रिकाम्या खळग्यात बसवून टाके घालतात. 'पीआरएफ' या तीन अक्षरांनी ओळखली जाणारी ही पद्धत २००१ मध्ये फ्रान्समध्ये जन्मली. तिच्यात कुठलंही औषध नाही, रसायन नाही, दुसऱ्याच्या रक्ताचा थेंब नाही. हा साधेपणा प्रयोगशाळेत जितका घडला, तितकाच दुसऱ्याच्या रक्ताने झालेल्या जखमांतून आणि त्यानंतरच्या कायद्यांतून घडला.

दात आणि रक्त या दोन्ही विषयांवर मूलभूत ग्रंथ लिहिणारा एक माणूस अठराव्या शतकात लंडनमध्ये होऊन गेला. जॉन हंटर. दातांवरचा त्याचा ग्रंथ १७७१ मध्ये आला, आणि रक्त, दाह व बंदुकीच्या जखमा यांवरचा त्याच्या मृत्यूनंतर, १७९४ मध्ये. रक्त हे जिवंत द्रव्य आहे आणि जखमेत साकळलेल्या रक्तात पुढे रक्तवाहिन्या तयार होऊ शकतात, असं हंटर मांडत होता. त्याच्या काळात ही कल्पना धाडसाची होती. पण दात काढणाऱ्यांना तिचा एक अर्थ अनुभवाने कळत होता: खळग्यात रक्त नीट साकळलं की जखम भरते, साकळलं नाही किंवा निघून गेलं की रुग्ण चौथ्या दिवशी कळवळत परत येतो. उघड्या हाडाच्या या वेदनेला 'ड्राय सॉकेट' हे नाव १८९६ मध्ये अमेरिकेच्या क्रॉफर्ड यांनी दिलं. दाढ काढल्यावर 'बोळा दाबून धरा, आज थुंकू नका, जोरात चूळ भरू नका, स्ट्रॉने काही पिऊ नका' असं आपल्याला बजावतात ते त्या एका गुठळीसाठी. खालच्या अक्कलदाढांच्या शस्त्रक्रियेत हा त्रास साध्या दाढेपेक्षा कितीतरी जास्त वेळा होतो.

गुठळीत नेमकं काय असतं? तिचा सांगाडा फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांचा असतो, हे एकोणिसाव्या शतकात माहीत झालं होतं. त्या जाळ्यात अडकलेल्या बारीक चकत्यांचं काम इटलीत तोरिनोच्या ज्युलिओ बिझोझेरो यांनी १८८२ च्या सुमारास दाखवून दिलं. जिवंत प्राण्याच्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांनी पाहिलं की वाहिनीला इजा होताच सर्वांत आधी या चकत्या तिथे धावून येऊन चिकटतात. त्याच आजच्या प्लेटलेट. डेंग्यूच्या साथींमुळे महाराष्ट्रातल्या घराघरांत आज हा शब्द पोचला आहे, पण 'कमी झाल्या तर रक्तस्राव' एवढीच त्याची ओळख. रक्त थांबवण्यापलीकडे त्या आणखी काही करतात हे कळायला बिझोझेरोंनंतर नव्वद वर्षं जावी लागली.

तोपर्यंत सगळं लक्ष फायब्रिनवर होतं. १९०९ मध्ये जर्मनीच्या बेर्गेल यांनी फायब्रिनची भुकटी रक्त थांबवण्यासाठी वापरली. १९४० मध्ये ऑक्सफर्डला यंग आणि पुढे नोबेल मिळवणारे पीटर मेडावर यांनी तुटलेल्या नसा टाक्यांऐवजी साकळत्या प्लाझ्माने चिकटवण्याचा प्रयत्न केला. महायुद्धात हार्वर्डच्या एडविन कोन यांनी प्लाझ्माचे घटक मोठ्या प्रमाणावर वेगळे करण्याची पद्धत बसवली. सैनिकांना अल्ब्युमिन पुरवणं हा तिचा मुख्य हेतू. पण त्यातून फायब्रिनोजेनही, म्हणजे ज्यातून फायब्रिन बनतं ते प्रथिन, हाती येऊ लागलं आणि १९४४ मध्ये कातडीचं कलम चिकटवायला त्याचा उपयोग करून पाहण्यात आला. चिकटायचं खरं, पण टिकायचं नाही. द्रावणात फायब्रिनोजेन फारच कमी असायचं.

ही अडचण सोडवली व्हिएन्नाच्या हेलेन मात्रास यांनी, आणि त्या जबड्याच्या शल्यचिकित्सक होत्या. १९७० मध्ये त्यांनी उंदरांच्या कातडीवर काम केलं, १९७२ मध्ये नसांच्या कलमांवर. मुख्य बदल एकच: फायब्रिनोजेन कितीतरी अधिक दाट करून घ्यायचं. व्हिएन्नाच्याच इम्युनो कंपनीने त्यावरून 'टिसील' नावाचा गोंद बाजारात आणला. हिमोफिलियाच्या रुग्णाची दाढ काढणं म्हणजे तेव्हा जिवावरचं काम. खळग्यात हा गोंद भरला की रक्त साकळवणारे घटक कमी देऊन भागतं, असा अनुभव युरोपातल्या दंतशल्यचिकित्सकांना येऊ लागला.

पण हा गोंद हजारो दात्यांच्या एकत्र केलेल्या प्लाझ्मापासून बनायचा. त्यातला एक दाता जरी काविळीचा वाहक असला तरी सगळा घाणा दूषित. अमेरिकेत फायब्रिनोजेनच्या तयार औषधांतून हेपेटायटिस पसरतो हे उघड झालं आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या औषध नियामक एफडीएने त्यांचे परवानेच रद्द केले. विषाणू नष्ट करण्याच्या पद्धती भरवशाच्या होऊन 'टिसील'ला तिथे मान्यता मिळायला १९९८ उजाडलं. मधली वीस वर्षं युरोपीय शल्यचिकित्सकांकडे गोंद होता आणि अमेरिकी शल्यचिकित्सकांकडे नव्हता. मग त्यांनी रुग्णाच्याच रक्तापासून गोंद करायला सुरुवात केली. १९९४ मध्ये तायापोंगसाक आणि सहकाऱ्यांनी जबडा पुन्हा उभारताना हाडाचा चुरा रुग्णाच्या स्वतःच्या फायब्रिनने बांधून ठेवल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. त्यासाठी रुग्णाला शस्त्रक्रियेच्या कित्येक दिवस आधी रक्त देऊन ठेवावं लागायचं. १९९७ मध्ये व्हिटमन, बेरी आणि ग्रीन यांनी सुचवलं की हे थांबणं टाळता येईल: शस्त्रक्रियेच्या टेबलावरच रक्त काढा, प्लेटलेट वेगळ्या करा आणि त्यांची जेली वापरा.

प्लेटलेटच का? उत्तर दातांपासून फार दूर, सिएटलमधल्या एका प्रयोगशाळेत मिळालं होतं. रसेल रॉस रक्तवाहिन्या कशा कठीण होतात याचा अभ्यास करत होते. बशीत पेशी वाढवायच्या तर त्यांना सिरम घालावं लागतं, म्हणजे साकळलेल्या रक्तातून निथळलेलं पाणी. रक्त साकळू न देता काढलेल्या प्लाझ्मापासून केलेलं सिरम घातलं तर पेशी जगतात, पण वाढत नाहीत. दोन्हींत फरक काय? रॉस यांनी १९७४ मध्ये दाखवलं की फरक प्लेटलेटचा आहे. रक्त साकळताना प्लेटलेट फुटतात आणि पोटात साठवलेलं काहीतरी बाहेर टाकतात, आणि त्याने आजूबाजूच्या पेशी विभागू लागतात. त्या पदार्थाला पुढे 'पीडीजीएफ' नाव पडलं. त्याच्यासारखे आणखी काही ग्रोथ फॅक्टर प्लेटलेटमध्ये सापडत गेले. कुणी पेशी बोलावतो, कुणी नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावतो. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत सुंदर वाटतो तो हाच प्रयोग. हंटरने तर्काने जे मांडलं होतं, त्याची खूण इथे बशीत दिसली: साकळणं ही भरून येण्याचीच पहिली पायरी आहे.

१९८६ मध्ये मिनेसोटाच्या डेव्हिड नायटन यांनी वर्षानुवर्षं न भरलेल्या व्रणांच्या ४९ रुग्णांवर त्यांच्याच प्लेटलेटमधून काढलेला अर्क वापरला. व्रण भरले. तुलनेचा गट नव्हता, त्यामुळे शंका राहिली, पण कल्पना दवाखान्यात शिरली.

दातांच्या जगात तिचा खरा स्फोट १९९८ मध्ये झाला. मायामी विद्यापीठाचे रॉबर्ट मार्क्स हे जबड्याच्या शस्त्रक्रियेतलं मोठं नाव. गाठ काढल्यामुळे जबड्याचा पाच सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा तुकडा गेलेले ८८ रुग्ण त्यांनी घेतले. निम्म्यांना कमरेच्या हाडातून काढलेला चुरा तसाच भरला, निम्म्यांना त्यात प्लेटलेटयुक्त प्लाझ्मा, म्हणजे पीआरपी, मिसळून. पीआरपीत प्लेटलेटचं प्रमाण मूळ रक्ताच्या सरासरी ३३८ टक्के होतं. क्ष-किरणांत दुसऱ्या गटाचं हाड १.६२ ते २.१६ पट वेगाने पक्व होताना दिसलं. सहा महिन्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली हाडाची घनता पहिल्या गटात ५५ टक्के, दुसऱ्यात ७४ टक्के. हा लेख छापून येताच जगभरच्या दंतशल्यचिकित्सकांनी सेंट्रीफ्यूज मागवायला सुरुवात केली.

मार्क्स यांची पद्धत मात्र मोठ्या रुग्णालयाचीच होती. शस्त्रक्रियागृहात मोठ्या शिरेतून ४०० ते ४५० मिलिलिटर रक्त काढायचं, म्हणजे जवळजवळ रक्तदानाइतकंच. साकळू नये म्हणून त्यात रसायन घालायचं, यंत्रातून थर वेगळे करायचे, आणि वापरायच्या क्षणी पुन्हा साकळवण्यासाठी कॅल्शियम क्लोराइड व थ्रॉम्बिन टाकायचं. थ्रॉम्बिन गायीच्या रक्तातलं. म्हणजे रुग्णाचं स्वतःचं रक्त वापरायचं म्हणून निघालेली वाट पुन्हा परक्या रक्तापाशी येऊन थांबली. गायीच्या थ्रॉम्बिनमुळे काही रुग्णांच्या शरीरात रक्त साकळवणाऱ्या घटकांविरुद्धच, विशेषतः पाचव्या घटकाविरुद्ध, प्रतिपिंडं तयार होतात आणि पुढच्या शस्त्रक्रियेत गंभीर रक्तस्राव होऊ शकतो, हे हृदयशस्त्रक्रियेत दिसून आलं होतं. १९९८ मध्येच जबड्याच्या शल्यचिकित्सकांच्या नियतकालिकात हा इशारा दिला गेला. युरोपात तर मार्च १९९६ पासून, वेड लागलेल्या गायींचा रोग माणसांपर्यंत पोचल्याचं ब्रिटिश सरकारने कबूल केल्यापासून, गायीच्या कुठल्याही उत्पादनाकडे लोक संशयाने पाहत होते.

स्पेनच्या बास्क प्रांतातल्या व्हितोरिया गावचे एदुआर्दो आनितुआ यांनी १९९९ मध्ये थ्रॉम्बिन काढूनच टाकलं. थोडंसं रक्त, लहान नळ्या, साकळवायला फक्त कॅल्शियम क्लोराइड. दाढ काढलेल्या खळग्यांत ही जेली भरून पुढे तिथे इम्प्लांट बसवण्यासाठी हाड कसं तयार होतं, ते त्यांनी दाखवलं. त्यांची पद्धत आजही स्वतंत्र नावाने चालते. साध्या दवाखान्यात, खुर्चीवर बसलेल्या रुग्णासाठी हे करता येतं, हा विश्वास आनितुआंनी दिला. मार्क्स यांच्या गाजलेल्या आकड्यांपुढे त्यांच्या या कामाची दखल कमी घेतली जाते, हे मला अन्यायाचं वाटतं.

आता नीस. भूमध्य समुद्राकाठच्या या शहरात जोसेफ शुक्रून हे डॉक्टर काम करत होते, आणि ते दंतवैद्य नव्हते. भूल आणि वेदना ही त्यांची क्षेत्रं. रक्त काढून त्यावर प्रक्रिया करून ते पुन्हा रुग्णाच्या शरीरात घालण्यावर फ्रान्समध्ये कडक निर्बंध होते. रक्तकांडानंतर त्या बाबतीत तिथलं कुणीही सैल वागणार नव्हतं. शुक्रून यांनी मग रक्तावर प्रक्रियाच केली नाही. काचेच्या नळीत काहीही न घालता रक्त घ्यायचं आणि मिनिट-दोन मिनिटांत ते फिरवायला लावायचं. काचेचा स्पर्श होताच रक्त साकळू लागतंच. त्याच वेळी यंत्राचा वेग जड लाल पेशी तळाशी दाबतो. दहाएक मिनिटांनी नळी बाहेर काढली की तळाशी लाल, वर पाण्यासारखा पिवळा प्लाझ्मा आणि मधोमध तयार गुठळी. जवळजवळ सगळ्या प्लेटलेट आणि निम्म्याहून अधिक पांढऱ्या पेशी त्या गुठळीत अडकलेल्या असतात. ती चिमट्याने उचलायची, तळाचा लाल भाग कापायचा, हलकेच दाबून पडद्यासारखी करायची आणि जखमेवर ठेवायची. हेच पीआरएफ, म्हणजे प्लेटलेटयुक्त फायब्रिन. २००१ मध्ये एका फ्रेंच दंतवैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. दाव्हिद दोआन आणि शुक्रून यांच्या गटाने २००६ मध्ये इंग्रजीत पाच भागांची लेखमाला लिहिली, तेव्हा जगाचं लक्ष गेलं.

त्या लेखमालेतला एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. थ्रॉम्बिन ओतून झटक्यात साकळवलेल्या जेलीचे धागे ताठ आणि गच्च विणलेले असतात. शरीराच्या स्वतःच्या तुटपुंज्या थ्रॉम्बिनने सावकाश साकळलेल्या गुठळीची जाळी लवचिक असते. तिच्यातून पेशींना वाट मिळते आणि ग्रोथ फॅक्टर एका दिवसात वाहून न जाता आठवडाभर, कधी त्याहूनही जास्त, झिरपत राहतात. जे कायद्याच्या बंधनामुळे करावं लागलं, ते जीवशास्त्राच्या दृष्टीनेही अधिक बरोबर निघालं.

गुठळीच्या या ताकदीचा विचार आधीही झाला होता. नॉर्वेचे बिर्गेर नीगोर-ऑस्तबी यांनी तर १९६१ मध्येच मेलेल्या दाताच्या मुळात मुद्दाम रक्त आणून त्या गुठळीत नवी ऊती वाढते का, हे तपासलं होतं. त्या वेळी फार कुणी वळून पाहिलं नाही. २००४ नंतर लहान मुलांच्या अर्धवट वाढलेल्या मुळांसाठी ही कल्पना पुन्हा उचलली गेली, आणि रक्त पुरेसं उतरलं नाही तर तिथे पीआरएफ ठेवतात.

दरम्यान मार्क्स यांच्या आकड्यांची उलटतपासणी सुरू झाली होती. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या फ्रूम आणि सहकाऱ्यांनी वरच्या जबड्याच्या सायनसमध्ये हाड भरताना एका बाजूला पीआरपी घालून पाहिलं, दुसऱ्या बाजूला न घालता. लक्षणीय फरक आला नाही. २००५ मध्ये नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेनमध्येही तसंच निघालं. जर्मनीत माइन्झच्या वाइब्रिख यांनी सशांवर प्रयोग करून सांगितलं की मायक्रोलिटरमागे दहा लाखांच्या आसपास प्लेटलेट असल्या तरच हाडाला फायदा, त्याहून फार जास्त झाल्या तर उलट अडथळा. निरोगी माणसाच्या रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असतात. प्रत्येक यंत्र वेगळं प्रमाण द्यायचं, प्रत्येक जण त्याला पीआरपीच म्हणायचा. २००९ मध्ये दोआन (आता दोआन एरेनफेस्ट या नावाने), रासमुसन आणि आल्ब्रेक्तसन यांनी पांढऱ्या पेशी आहेत की नाहीत आणि फायब्रिनची जाळी कशी आहे यांवरून अशा सगळ्या प्रकारांचे चार गट पाडले. गोंधळ थोडा निवळला. मग २०१४ पासून शुक्रून आणि फ्रँकफर्टचा गट यांनी कमी वेगाने फिरवलेल्या नव्या प्रकारांचा पुरस्कार सुरू केला, आणि जुन्या सहकाऱ्यांतच वाद पेटले.

भारतात पीआरएफ झपाट्याने पसरलं, आणि त्याचं कारण सरळ आहे. पॅथॉलॉजी लॅबमध्ये असतो तसा साधा सेंट्रीफ्यूज आणि रिकाम्या नळ्या एवढ्यावर काम भागतं. महागड्या किटची गरज नाही. बंगळुरूच्या सरकारी दंत महाविद्यालयात ए. आर. प्रदीप आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पायरियामुळे दातांभोवती हाडात पडलेल्या खड्ड्यांवर नियंत्रित चाचण्या केल्या. २०११ पासून आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत आलेल्या या चाचण्यांत, नुसती हिरडी उघडून सफाई करण्यापेक्षा सफाईनंतर पीआरएफ भरल्याने खड्डे अधिक भरल्याचं दिसलं. पीआरएफवरच्या जगभरच्या साहित्यात भारतीय दंत महाविद्यालयांचा वाटा मोठा आहे, आणि त्याचा अभिमान वाटावा असं बरंच त्यात आहे.

तरी रुग्णाने काय अपेक्षा ठेवावी, हे स्पष्ट बोललं पाहिजे. अक्कलदाढ काढल्यावर पीआरएफ ठेवल्याने वेदना कमी होतात आणि ड्राय सॉकेट टळण्याची शक्यता वाढते, याला बऱ्यापैकी आधार आहे. २०१३ च्या एका अमेरिकी अभ्यासात ड्राय सॉकेटचं प्रमाण सुमारे दहा पटींनी कमी आढळलं, मात्र तिथली तुलना जुन्या नोंदींशी होती. हिरडीची कातडी लवकर जुळते, हेही वारंवार दिसलं आहे. हाड जास्त किंवा लवकर बनतं का, याचं उत्तर मात्र डळमळीत आहे. पायरियाच्या खड्ड्यांवरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्याने फायदा नोंदवला, पण पुराव्याचा दर्जा फार खालचा असल्याचंही नोंदवलं. 'तुमच्याच रक्ताने नवं हाड' असं छापील आश्वासन देणारा दवाखाना पुराव्याच्या पुढे धावतो आहे.

मार्क्स यांचं नाव या कथेत पुन्हा एकदा येतं. २००३ मध्ये त्यांनी कर्करोगाच्या आणि हाडांच्या आजारासाठी दिल्या जाणाऱ्या बिसफॉस्फोनेट औषधांमुळे जबड्याचं हाड मरत असल्याचे ३६ रुग्ण नोंदवले. अशा रुग्णाची दाढ काढली तर जखम महिनोन्‌महिने उघडी राहू शकते. शल्यचिकित्सक आता तिथे पीआरएफचे पडदे एकावर एक रचून जखम झाकतात. लहान लहान अभ्यासांत निकाल आशादायक आहेत, मोठी नियंत्रित चाचणी हवी आहे. आणि ती होईल तेव्हा त्यात यंत्र दर मिनिटाला किती फेरे घेतं एवढंच लिहून चालणार नाही. यंत्राच्या चकतीची त्रिज्या, नळीचा उतार आणि नळी काचेची की सिलिका लावलेल्या प्लास्टिकची, हेही नोंदवावं लागेल, कारण दोन यंत्रांचे तेच तीन हजार फेरे रक्तावर वेगळा जोर लावतात आणि त्यांतून निघणारी गुठळी सारखी नसते.